वाचकांचे प्रश्न : चांदीच्या डॉलरची प्रत आणि ग्रेडचा भरवसा

अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरविषयी पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांत एकच चिंता निरनिराळ्या शब्दांत मांडलेली दिसली. नाणे तेच असते, पण ते पाहणारा माणूस बदलला की त्याची प्रतही बदलते. मग विश्वास कशावर ठेवायचा? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नव्या वाचकांसाठी थोडी माहिती : जॉर्ज मॉर्गन यांच्या आरेखनाचा हा डॉलर १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के आणि उरलेले तांबे. टांकसाळीचे अक्षर मागील बाजूस पुष्पचक्राखाली असते : ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी, आणि केवळ १९२१ च्या नाण्यांवर डेन्व्हरचे ‘डी’. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर अक्षर नसते.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात १८९१ सालचा ‘ओ’ अक्षराचा डॉलर आहे. एका व्यापाऱ्याने कानावरचे केस सपाट झाले आहेत असे दाखवून तो ‘एक्सएफ’, म्हणजे हलकी झीज झालेला ठरवला. दुसऱ्याने तेच नाणे ‘युएनसी’, म्हणजे मुळीच न वापरलेले असल्याचे सांगितले. दोन्ही भावांत मोठे अंतर आहे. कोणाचे खरे मानावे? सोबत छायाचित्र पाठवत आहे. (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : छायाचित्रावरून निकाल देणे मला योग्य वाटत नाही, कारण प्रत ठरवताना जी गोष्ट सर्वांत आधी पाहायची, ती म्हणजे नाणे हलवल्यावर पृष्ठभागावरून सरकणारा प्रकाश, आणि स्थिर चित्रात तो सापडत नाही. मात्र पहिल्या व्यापाऱ्याने दिलेले कारण या नाण्याच्या बाबतीत पुरेसे नाही, एवढे निश्चित सांगता येते.

नाण्याचा उंच भाग सपाट दिसण्याची दोन अगदी वेगळी कारणे असतात. एक म्हणजे झीज : नाणे हातोहात फिरते, गल्ल्यात घासते आणि उंच जागेवरची धातू हळूहळू निघून जाते. दुसरे म्हणजे अपुरा ठसा : नाणे पाडताना दाब कमी पडला, तर साच्यातील सर्वांत खोल जागेपर्यंत धातू चढतच नाही आणि तेथील बारकावा पहिल्या दिवसापासूनच उमटलेला नसतो. मॉर्गन डॉलरमध्ये दर्शनी बाजूचे कानावरचे केस आणि मागील बाजूची गरुडाची छाती या दोन्ही उंच जागा नाण्याच्या मध्याजवळ एकमेकींच्या पाठीस येतात, त्यामुळे दाब कमी पडला की नेमक्या याच जागा अर्धवट राहतात. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीची बरीच नाणी या दोषासाठी ओळखली जातात आणि त्यांतही १८९१ व १८९२ ही वर्षे विशेष कुप्रसिद्ध आहेत. याउलट सॅन फ्रान्सिस्कोची १८७९ ते १८८२ ची नाणी इतकी रेखीव असतात की, त्यांच्यावर डोळा तयार झालेल्या माणसाला आपले नाणे हाती घेताच झिजलेले वाटावे, यात नवल नाही.

हा फरक आपण स्वतः पाहू शकाल. खोलीतील ट्यूबलाइट बंद करून पिवळसर प्रकाशाचा एकच दिवा ठेवावा, नाणे कडेने धरावे, खाली मऊ कापड असावे, आणि नाणे किंचित तिरपे करून दिव्याखाली सावकाश फिरवावे. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे दोन पट्टे मध्यापासून काठापर्यंत चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतात. दाबाखाली धातू काठाकडे सरकताना पृष्ठभागावर ज्या सूक्ष्म रेषा उमटतात त्यांच्यामुळे ही चमक येते, आणि झिजेत सर्वांत आधी त्याच रेषा जातात. आता हा पट्टा कानावरच्या सपाट जागेवरून जाऊ द्यावा. पट्टा न तुटता पलीकडे गेला, तर झीज नाही. त्या जागी तो विझला आणि तेथे मळकट करडा रंग दिसला, तर नाणे वापरलेले आहे, मग ते कितीही थोडे असो.

यानंतर भिंगातून त्याच जागेचा पोत पाहावा. नाणे पाडण्यापूर्वीच्या कोऱ्या चकतीवर बारीक खड्डे आणि खरखर असते, ती भरपूर दाबाखाली पुसली जाते. ठसा अपुरा पडलेल्या जागी ती तशीच शिल्लक राहते, म्हणून कानावर रवाळ, बारीक टोचलेला पोत दिसला तर तेथे साचा पोहोचलाच नव्हता असे समजावे. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत असते. तिसरी खूण म्हणजे इतर उंच जागांची साक्ष. लिबर्टीचा, म्हणजे दर्शनी बाजूच्या स्त्रीमुखाचा गाल, कपाळावरच्या केसांची रेषा, मुकुटातील कापसाच्या बोंडांची आणि पानांची टोके, मागे गरुडाच्या पंखांची टोके व नख्या, हे सर्व तीक्ष्ण असून केवळ मधला भाग सपाट असेल तर दोष टांकसाळीचा आहे. नाणे चलनात फिरले असते तर गाल सुटला नसता.

या तिन्ही कसोट्यांवर नाणे उतरले तर दुसरा व्यापारी बरोबर ठरेल, पण म्हणून त्याला वरची ग्रेड मिळेल असे नाही. अपुरा ठसा हाही प्रतीतला उणेपणाच आहे आणि अशी नाणी बहुधा न वापरलेल्यांच्या खालच्या पायऱ्यांवर राहतात. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर गालावर केवळ पुसट स्पर्श झालेला, चमक जवळजवळ पूर्ण राखलेला ‘एयू-५८’, म्हणजे जवळजवळ न वापरलेला डॉलर मला ओरखड्यांनी भरलेल्या ‘एमएस-६०’ पेक्षा, म्हणजे न वापरलेल्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीपेक्षा अधिक जवळचा वाटतो, आणि संग्रह स्वतःच्या आनंदासाठी करणाऱ्याने तो घेण्यात काहीच कमीपणा मानू नये.

प्रश्न : माझ्याकडे एका नामांकित परदेशी संस्थेने सीलबंद केलेला १८८५ चा डॉलर आहे, त्यावर ‘एमएस-६४’ असे लिहिले आहे. त्याच पृष्ठभागाचा, मला तर अधिक खराब वाटणारा दुसरा डॉलर त्याच संस्थेच्या डबीत ‘एमएस-६५’ म्हणून विकला गेला. मोजमापाची संस्था असूनही असे का व्हावे? (वाचक, कोथरूड)

उत्तर : ग्रेड म्हणजे वजन किंवा व्यास यांसारखे मोजमाप नसून जाणकारांनी दिलेले मत आहे, हे मान्य केले की पुढचे बरेच उलगडते. या अंकांचा उगमही मोजमापात नाही. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० ही श्रेणी सुचवली, तेव्हा हे अंक किमतीशी बांधलेले होते : सर्वोत्तम अवस्थेतील नाणे सर्वांत हीन अवस्थेतील नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा तो हिशेब होता. बाजार बदलला तसा हिशेब कोलमडला, पण अंक राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ते सर्व नाण्यांसाठी स्वीकारले, आणि १९८६ मध्ये पीसीजीएस व १९८७ मध्ये एनजीसी या संस्थांनी नाणे पाहून, अंक देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करण्याची पद्धत रूढ केली. तिलाच आपले संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात.

न वापरलेल्या नाण्यांचे अंक ६० ते ७० असे आहेत आणि ते देताना चार गोष्टी एकत्र तोलल्या जातात : पृष्ठभागावरचे ओरखडे, चमक, ठसा आणि एकंदर देखणेपण. डॉलर मोठे व जड नाणे. टांकसाळीतून ते हजाराच्या पोत्यांत भरले जात, म्हणजे एका पोत्याचे वजन पावणेसत्तावीस किलोच्या घरात जाई, आणि पोते उचलले किंवा आपटले की एकाचा दातेरी काठ दुसऱ्याच्या गालावर रुते. काठाच्या दात्यांनी पडलेल्या छोट्या समांतर रेषांची रांग आपल्याला भिंगातून सहज ओळखता येईल. आता असा एक चरा केसांत दडलेला असला तर त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तोच गालाच्या मध्यभागी किंवा चेहऱ्यासमोरील मोकळ्या जागेत असला तर अंक घसरतो. किती घसरावा, याला सूत्र नाही. एक परीक्षक चमकेला झुकते माप देतो, दुसरा गालाला. एकापेक्षा अधिक परीक्षक नाणे स्वतंत्रपणे पाहत असले, तरी प्रत्येक नाण्याला वेळ थोडाच मिळतो, आणि ६४ व ६५ यांच्या सीमेवरचे नाणे आज इकडे तर उद्या तिकडे जाऊ शकते.

मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट यापुढची आहे. जेथे एका अंकाने किंमत बरीच वाढते, तेथे सीमेवरच्या नाण्यांचे मालक डबी फोडून ते नाणे पुन्हा पाठवतात. अंक वाढेपर्यंत पाठवतात आणि वाढला की थांबतात. याचा परिणाम असा होतो की, ६५ च्या डब्यांत नशिबाने वर चढलेली बरीच ६४ ची नाणी साचतात, आणि ६४ च्या डब्यांतून चांगली नाणी वेचली जाऊन उरलेली मागे राहतात. म्हणजे परीक्षकांनी पूर्ण प्रामाणिकपणे काम केले तरी बाजारात दिसणारा ६५ चा दर्जा खाली ओढला जातो. संस्था आपापल्या नोंदींत कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली याचे आकडे देतात, तेही याच कारणाने फुगतात, कारण फोडलेल्या डबीची जुनी चिठ्ठी प्रत्येक जण परत पाठवत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून २००७ मध्ये सीएसी ही संस्था निघाली. ती आधीच सीलबंद असलेले नाणे पाहते आणि ते आपल्या अंकाला भक्कमपणे शोभत असेल तरच डबीवर हिरवी खूण चिकटवते. नाणे त्याहून वरच्या अंकाच्या योग्यतेचे वाटले तर सोनेरी. हेसुद्धा मतच, परंतु मतावरचे दुसरे मत म्हणून त्याचा उपयोग होतो.

आपल्या दोन नाण्यांबाबत, अधिक खराब वाटणारे ६५ चे नाणे वाढीव अंकाचे असू शकते, किंवा आपण ओरखडे मोजले आणि परीक्षकांनी चमक पाहिली असेही असू शकते. आपला स्वतःचा डोळा किती स्थिर आहे हे आधी तपासावे. डबीवरची चिठ्ठी कागदाने झाकावी. दिवा, अंतर आणि क्रम दर वेळी तोच ठेवावा. प्रथम नुसत्या डोळ्यांनी पूर्ण नाणे पाहावे आणि मगच पाचपट भिंग घ्यावे, कारण अधिक ताकदीच्या भिंगातून प्रत्येक ओरखडा दरीएवढा दिसतो आणि ग्रेड विनाकारण खाली येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी कारणे लिहावीत आणि अंक शेवटी. ‘गालावर तोंडाजवळ एक ठळक चरा, समोरील जागा स्वच्छ, चमक पूर्ण, कानावर ठसा किंचित अपुरा’ असे लिहून झाल्यावर अंक द्यावा, वही मिटून ठेवावी आणि काही आठवड्यांनी न बघता तेच पुन्हा करावे. दोन नोंदींत अंक बदलला तर कोणत्या कारणाने बदलला हे वहीतच सापडते, आणि आपण कोणत्या दोषाला सवलत देतो आणि कोणत्याला नाही, हे हळूहळू कळू लागते. अंक आधी लिहिणारा माणूस मात्र पुढे त्याचे समर्थन शोधत बसतो.

तुलनेसाठी १८८१ ‘एस’ हे मुबलक आणि परवडणारे नाणे ६३, ६४ व ६५ या तीन ग्रेडमध्ये संग्रही ठेवणे उपयुक्त ठरते. मात्र त्याच्या रेखीव ठशाशी न्यू ऑर्लिन्सच्या नाण्याची तुलना करू नये. त्यासाठी ‘ओ’ अक्षराचे वेगळे नमुने हवेत.

प्रश्न : टांकसाळीने किती नाणी पाडली हे आकडे पाहून दुर्मिळता ठरवता येते का? (वाचक, निगडी)

उत्तर : काही अंशी येते, पण डॉलरच्या बाबतीत हे आकडे फार फसवे आहेत, आणि याला आपल्या देशाशी निगडित कारण आहे. पहिल्या महायुद्धात भारतातील रुपयांसाठी चांदी कमी पडू लागली. नोटांच्या बदल्यात चांदीचे रुपये मागणारे लोक इतके वाढले की सरकारी साठा संपण्याच्या बेतात आला. १९१७ ची एक रुपयाची आणि १९१८ ची अडीच रुपयांची नोट याच टंचाईतून निघाली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातील २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यांतील बहुतांश चांदी भारतासाठी ब्रिटिश सरकारला विकली. आपल्या घरी त्या सुमाराचा पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर त्यात मॉर्गन डॉलरची चांदी असण्याची शक्यता आहे. वितळवताना कोणत्या सालाची आणि कोणत्या टांकसाळीची किती नाणी गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून पाडलेल्यांचा आकडा आणि उरलेल्यांचा आकडा यांचा मेळ लागत नाही.

उलट प्रकारही घडला. १९०३ ‘ओ’ हे नाणे अनेक वर्षे अत्यंत दुर्मिळ मानले जात होते. १९६२ च्या अखेरीस खजिन्यातून त्याची न उघडलेली पोती बाहेर आली आणि भाव कोसळला. याशिवाय ग्रेडची दुर्मिळता ही निराळीच बाब आहे. १८८४ ‘एस’ नाणी ३२ लाख पाडली गेली आणि वापरलेल्या अवस्थेत ती आजही सहज मिळतात, पण ती जवळजवळ सर्व चलनात गेल्यामुळे न वापरलेले नाणे फार मोठ्या किमतीचे असते. १८९२ ‘एस’ ची हीच कथा. अशा नाण्यांत ‘एयू-५८’ आणि ‘एमएस-६२’ यांच्यामधला फरक लाखो रुपयांचा असतो, आणि तो गालावरच्या पुसट करड्या छटेवरून ठरतो. या सालांची नाणी केवळ व्यापाऱ्याच्या पाकिटावर ‘युएनसी’ लिहिले आहे म्हणून घेऊ नयेत.

प्रश्न : काळवंडलेला डॉलर सराफाकडून उजळून घेतला तर ग्रेड वाढेल का? (वाचक, रविवार पेठ)

उत्तर : कमी होईल, बहुधा अंकच मिळणार नाही. पॉलिशच्या चाकाने, रांगोळीने, चिंचेने किंवा दात घासण्याच्या पावडरीने चांदी लख्ख होते, परंतु पृष्ठभागावरच्या ज्या सूक्ष्म रेषांमुळे मूळ चमक असते त्या कायमच्या जातात आणि त्यांच्या जागी एकाच दिशेने धावणाऱ्या केसासारख्या रेषा उरतात. ग्रेडिंग संस्था अशा नाण्यावर अंकाऐवजी ‘डिटेल्स’ असा शेरा देऊन साफ केल्याचे नमूद करतात. थायोयुरियाच्या द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत सौम्य मानली जाते, पण प्रत्येक वेळी पृष्ठभागाचा पातळ थर जातोच आणि वारंवार केल्यास नाणे पांढरे राहते पण निर्जीव दिसते.

काळसर थर हा गंधकाशी संयोग होऊन तयार झालेला सिल्व्हर सल्फाइड आहे. तो पातळ असेल तर सोनेरी, किरमिजी, निळ्या छटा दिसतात आणि त्यांच्या खालून चमक फिरत असेल तर रसिक संग्राहक त्यासाठी अधिक पैसे मोजतात. चमक थराखाली दडपून गेली असेल तर मात्र तो दोष आहे. साफ करावे अशी एकच गोष्ट मी सुचवीन : मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर, विशेषतः आपल्याकडील पावसाळ्यात, हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे न घासता बुडवून काढावा; नखांचे रंग पुसण्याचे द्रावण त्यासाठी वापरू नये. हे काम हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर करावे. पाकीट लगेच बदलावे.

प्रश्न : जुन्या बाजारात १८९३ ‘एस’ डॉलर फार स्वस्तात मिळतो आहे. वजन सराफाच्या काट्यावर बरोबर भरले. घ्यावा का? (वाचक, हडपसर)

उत्तर : या नाण्याची संख्या अवघी एक लाख होती आणि या मालिकेतील सर्वाधिक नक्कल केल्या जाणाऱ्या नाण्यांपैकी ते एक आहे, म्हणून स्वस्त भाव हीच पहिली शंका. वजन बरोबर असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, कारण अस्सल फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या नाण्यावर ‘एस’ चिकटवला तरी वजन आणि टंच दोन्ही बरोबरच येतात. दहापट भिंगातून अक्षराच्या मुळाशी पाहावे; चिकटवलेल्या अक्षराभोवती सांधा किंवा रंगातला फरक दिसतो, मूळ अक्षर मात्र नाण्याच्या पृष्ठभागातूनच वर आलेले असते. दुसरी खूण अधिक खात्रीची आहे. सर्व अस्सल १८९३ ‘एस’ नाणी दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून पाडली गेली, आणि त्या साच्यावरच्या चऱ्यामुळे लिबर्टी या शब्दातील ‘टी’ अक्षराच्या वरच्या भागात बारीक तिरकी उंच रेषा उमटते. ती रेषा नसेल तर व्यवहार तेथेच सोडावा. नाणे डबीत असेल तरी निर्धास्त राहू नये. बनावट डब्याही येतात, म्हणून डबीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत तपासावा आणि तेथे छायाचित्र असेल तर प्रत्येक ओरखडा जुळवून पाहावा.

प्रश्न : भारतातून नाणे ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवता येते का? (वाचक, बाणेर)

उत्तर : पाठवण्यापूर्वी कायदा पाहावा. पुरावस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मॉर्गन डॉलर परदेशी असला तरी १९२१ पर्यंतचे प्रत्येक नाणे शंभरी ओलांडून गेले आहे, आणि कायद्यातील व्याख्येत परदेशी नाण्यांसाठी वेगळी सवलत नाही. त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे लेखी विचारणा केल्याशिवाय असे पार्सल कोणाच्याही हाती देऊ नये, मध्यस्थ कितीही खात्री देत असला तरी. मॉर्गननंतर आलेल्या ‘पीस’ आरेखनाचे १९३४ व १९३५ चे डॉलर अद्याप त्या वयात आलेले नाहीत, पण सीमाशुल्काचे नियम त्यांनाही लागू आहेत. सर्वसाधारण सालाच्या डॉलरसाठी हा खटाटोप आणि येण्याजाण्याचा खर्च नाण्याच्या किमतीहूनही अधिक होऊ शकतो. ज्यांना सीलबंद नाणेच हवे असेल त्यांनी ते परदेशातून डबीसह आणि शुल्काच्या पावतीसह विकत घ्यावे, आणि ती पावती नाण्याबरोबरच जपून ठेवावी.